मागच्या बांधावरची बोटुकली

११ जानेवारी

ताई,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते मला येत नाही. शाळेत पत्र शिकवलं त्या दिवशी मी तुझ्यामागे टोपली घेऊन चिखलात होते. म्हणजे चूक तुझीच. हसलीस तर बरं.

फोन तू उचलत नाहीस. आधी दोनदा वाजून कट व्हायचा, आता वाजतच नाही. शेजारचे टेलरकाका म्हणाले, ह्याला ब्लॉक केलं म्हणतात. म्हणून पत्र लिहितेय. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं ना.

कामापुरतंच विचारते. मला काम लागलंय, रोजावर. सरकारी मोजणीच्या एक मॅडम आल्यात. पाण्यापासून घरांकडे सरळ दोरी लावतात, दर दहा पावलांवर पाइपची चौकट जमिनीवर ठेवतात आणि चौकटीच्या आत कुठलं कुठलं झाड आलंय ते लिहून घेतात. पिकाचं नाही, आपलं ते रानटी, खाऱ्या मातीत येतं ते. दिवसभर उन्हात उकिडवं बसून गवत मोजायचं. गल्लीतली माणसं त्यांना चौकटवाली म्हणतात. पहिल्या दिवशी टेलरकाका दारातून ओरडले, "मापं कसली घेताय बाई, समुद्राला कोट शिवायचाय का?" मॅडम पण वस्ताद. म्हणाल्या, "शिवला तर शिलाई किती घ्याल?" काका म्हणाले, "ते गिऱ्हाईक उभं राहत नाही हो एका जागी."

मला कसं घेतलं ते ऐक. मॅडमना झाडं फूल आलं की ओळखता येतात. फूल नसलं की पुस्तक उघडून बसतात. मी ठकीला कडेवर घेऊन बघत होते. म्हटलं, ही लालदांडी, चावून बघा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मी चावून दाखवलं. आता मी चावते आणि त्या लिहितात. आपण ठेवलेली नावंच त्या आधी लिहितात आणि खाली त्यांचं लांबलचक नाव. बोटुकली, लालदांडी. तू ठेवलेली नावं सरकारी वहीत गेली ताई.

तर विचारायचं ते हे. फूल नसताना लालदांडी आणि बागेतली घोळ ह्यात तू फरक कसा करायचीस? दोन्हीचा दांडा लाल, दोन्हीचं पान जाड. खारट लागली की लालदांडी, एवढं मला आठवतं. पण अजून काहीतरी सांगायचीस, ते विसरले.

आणि दुसरं. ठकीला एक खोड लागलीय. मागच्या खोलीची भिंत चाटते. खाली जमिनीजवळ. मुलं माती खातात तसंच असेल. कशी सोडवायची?

बाकी आम्ही मजेत. हे बोटीवर आहेत, त्यांचंही बरं चाललंय.

तुझी धाकटी

ता. क. ठकी म्हणजे माझी मुलगी. अडीच वर्षांची झाली. तू तिला बघितलं नाहीस हे लिहिताना आठवलं.

२९ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र परत पण आलं नाही. पोस्टमन म्हणाला, परत आलं नाही म्हणजे घेतलं. मी त्यावर खूश आहे.

मला आठवलं तू काय सांगायचीस. चाव, थुंक, थांब. घोळ आंबट लागते आणि विसरली जाते. लालदांडी आधी काहीच वाटत नाही आणि थांबलं की जिभेच्या मागे मीठ येतं. माझं थांबायचंच राहायचं. तू डोक्यात टपली मारायचीस.

मॅडम हे सगळं का मोजतात ते आता कळलं. आपल्याला ते आईच्या टोपलीबरोबरच माहीत होतं, फक्त असं कुणी सांगितलं नव्हतं. बोटुकली तिथेच येते जिथे समुद्र रोज पाय धुऊन जातो. लालदांडी महिन्यातून दोन-चारदा पाणी येतं तिथे. आणि मर्यादवेल कोरड्या वाळूत, जिथे नुसते तुषार उडतात. म्हणजे झाड बघितलं की समुद्र कुठवर येऊन गेला ते कळतं, आपण तिथे नसलो तरी. मॅडम ह्याचा नकाशा करणार. नकाशावर रेघ मारणार. रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला जी घरं येतील ती रिकामी करायची. त्या लोकांना गावाबाहेरच्या चाळीत एकेक खोली मिळणार.

आमच्या गल्लीत चौदा घरं. सगळे मला विचारतात, "काय गं, आमच्या मागे काय निघेल?" मी आता मोठी माणूस झालेय. पूर्वी नळावर मला शेवटचा नंबर असायचा, आता "ये गं, तू भर आधी" म्हणतात.

कामावर जाताना ठकीला टेलरकाकांकडे सोडते. काकूंचं कमरेचं हाड मोडलंय, वर्ष झालं, खाटेवरच असतात. पण ठकीला सांभाळतात जिभेनेच. "ठके, कात्री ठेव. ठके, इकडे बघ. ठके, चिमणी गेली बघ." मागचं दार उघडं ठेवून खाट त्या दारासमोर लावलीय, म्हणजे त्यांना अंगण दिसतं. डब्यांत लावलेली फुलझाडं आहेत. काका पाणी घालतात आणि काकू खाटेवरून ओरडतात, "अहो त्याला नको, शेजारच्याला!" ठकी पण आता तसंच ओरडते.

ठकीने चाटायचं सोडलेलं नाही. चापट मारली, मिरची लावली भिंतीला. काही नाही.

तुझी धाकटी

१८ फेब्रुवारी

ताई,

आज रविवार. ठकी झोपलीय. भिंतीला चुना लावला, हात भाजलेत, म्हणून अक्षर असं.

आमच्या गल्लीची मोजणी झाली. आमच्या मागच्या चौकटी कोऱ्या निघाल्या. समुद्र अडवणाऱ्या मातीच्या बांधावर काहीच नव्हतं. टेलरकाकांच्या अंगणात घोळ निघाली. म्हणजे गल्ली रेघेच्या गावाकडच्या बाजूला. राहायला हरकत नाही. सगळ्यांना आनंद झाला. मॅडम म्हणाल्या, "नवल आहे, इतक्या जवळ आणि काहीच नाही." पण लिहून घेतलं.

एवढंच कळवायचं होतं.

तू तीन वर्षांपूर्वी इथे आलीस तेव्हा जे म्हणालीस ते खोटं ठरलं, हे पण कळवायचं होतं.

तुझी धाकटी

९ मार्च

ताई,

आम्ही दोघी ठीक आहोत. आधी हेच लिहिते.

मंगळवारी वर्षातली मोठी भरती होती. सगळ्यांना माहीत होती. दरवर्षी बांधाच्या पायथ्याशी येते आणि जाते. दुपारी एकच्या सुमाराला मी ठकीला भरवत होते. मागून असा आवाज आला, कोणी पोतं टाकलं असा. बघते तर बांधाला माणूस झोपेल एवढी खिंड पडलेली आणि पाणी आत. घाई नाही, आरडाओरडा नाही. तांब्यातून ओतल्यासारखं. आमच्या जोत्याला चार बोटं कमी राहिलं. टेलरकाकांचं घर आमच्याहून खाली आहे.

मी ठकीला माळ्यावर चढवलं आणि धावले. काका गुडघाभर पाण्यात. काकूंना त्यांनी खाटेवरून उचलून कापायच्या टेबलावर ठेवलं होतं, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकवून. काकू काकडत होत्या आणि म्हणत होत्या, "अहो मशीन उचला, मशीन!" काका म्हणाले, "मशीन नाही थरथरत, तू थरथरतेस." तीन तास आम्ही दोघांनी त्यांना धरून ठेवलं. पाणी टेबलाला लागलं, काकूंची पाठ भिजली, मग उतरायला लागलं. मधे मधे मी घरी पळत होते, माळ्यावरून ठकी ओरडायची, "आई, समुद्र घरात आला, त्याला घालव."

आता काकूंना खोकला झालाय. ताप आहे. डॉक्टर येऊन गेले.

लोक म्हणतात बांध जुना होता. बांध जुना होता हे खरंच आहे.

मला झोप लागत नाही ताई. डोळा लागला की पोतं टाकल्याचा आवाज येतो.

धाकटी

१७ मार्च

ताई,

काकू गेल्या. परवा सकाळी. न्यूमोनिया म्हणाले.

काका म्हणाले, समुद्राने नेली. येईल त्याला तेच सांगतात. मी तिथे बसून चहा देत होते सगळ्यांना. काका म्हणाले, "ह्या पोरीने तीन तास धरून ठेवली हो तिला, पोटच्या मुलीनेही केलं नसतं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कप गोळा करून मोरीवर गेले.

आता तुला सांगते. कुणाला तरी सांगितलं नाही तर मला वेड लागेल. आणि तुला सांगते, कारण ह्यातलं अर्धं तुला आधीच माहीत आहे.

आमच्या मागच्या चौकटी कोऱ्या नव्हत्या. मी कोऱ्या केल्या. मोजणी आमच्या गल्लीत यायच्या आधी चार दिवस मी पहाटे उठत होते. आमच्या बांधावर बोटुकली होती, वीतभर उंच, दाट. समुद्र रोज पाय धुतो तिथे येणारी. आमच्या मागच्या दारापासून अकरा पावलांवर. आणि तिच्यामध्ये लालदांडीचं जाळं. तू म्हणायचीस ना, लालदांडी जिथे वाकते तिथे मूळ धरते, एक ओढली की दहा येतात. दहा आल्या. मातीची ढेकळं घेऊन आल्या. आमच्या मागचा बांध झाला, मग काकांच्या मागचा पण केला, कारण गल्लीची दोरी ह्या दोन घरांमागूनच लागणार होती आणि फरक दिसला असता. सगळं खड्ड्यात पुरलं. बांध असा नागडा दिसत होता, म्हणून वर वाळू पसरली.

तो बांध मातीने उभा नव्हता ताई. तिच्या मुळांनी उभा होता. मला हे कळायला हवं होतं. मी चिखलात वाढलेय. पण माझ्या डोक्यात एकच होतं, रेघ.

आणि हे अजून वाईट आहे. काकांच्या अंगणात, काकूंच्या खाटेसमोर एक झुबका राहिला. मी उपटायला गेले तर काकू म्हणाल्या, "राहू दे गं, हिरवं आहे, बघायला बरं वाटतं." तो मॅडमच्या चौकटीत आला. मॅडमनी पान तोडून मला दिलं. मी चावलं. थुंकलं. थांबले. मागून मीठ आलं, भरपूर. मी म्हटलं, "घोळ आहे, बागेतली." त्यांनी लिहिलं, घोळ.

त्या संध्याकाळी काका दारात आले. म्हणाले, "माझा भाचा माडीवरची खोली देतोय. म्हणतो मामीला घेऊन या, समुद्राजवळ नको. पण तिला हलवायचं म्हणजे हाल. तुला कळतं त्यातलं. खरं सांग, आमच्याकडे खार आलाय का?"

मी म्हटलं, नाही काका.

ते म्हणाले, "बास. मग नाही हलवत तिला."

तुझी

१९ मार्च

ताई,

मी असं का केलं ते लिहायचं राहिलं. राहिलं नाही. लिहायला धीर झाला नाही.

मी स्वतःला सांगत होते की हे ह्यांच्यासाठी. घर ह्यांच्या नावावर. बोट सुटून आले की हे इथेच येणार. चाळीतली खोली ह्यांना कशी सापडणार? ह्यांचा फोन बंद आहे. नऊ महिने बंद आहे. पहिल्या पत्रात बरं चाललंय लिहिलं ते खोटं.

पण ते पण सगळं खरं नाही. मी दिवाळखोरासारखी एकेक खोटं मोडून खाल्लं, आता शेवटचं राहिलंय. कंपनीच्या ऑफिसात मी गेले होते, ऑगस्टमधे, ठकीला घेऊन. तिथल्या कारकुनाने रजिस्टर फिरवून माझ्यापुढे केलं. ह्यांची सही होती. एका बंदरात सगळा हिशेब करून, सामान घेऊन उतरले. पुढच्या बोटीला आले नाहीत. कारकून चांगला होता, म्हणाला, "कधीकधी माणसं उतरतात वहिनी."

ते बुडाले नाहीत ताई. उतरले.

हे मला ऑगस्टपासून माहीत आहे. बांध उपटला तेव्हाही माहीत होतं. न येणाऱ्या माणसाला घर सापडावं म्हणून मी काकूंना मारलं.

आता तू आलीस त्या दिवसाचं. मला सातवा महिना होता. तू मागच्या दारी गेलीस, खाली वाकलीस, काहीतरी तोंडात टाकलंस आणि उभी राहिलीस. बराच वेळ. मग म्हणालीस, "हे घर सोड. खार आलाय. बाळंतपणाला माझ्याकडे चल, मूल तिथेच वाढू दे थोडं." आणि मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. स्वतःचं झालं नाही म्हणून माझ्यावर डोळा ठेवून आलीस, असं म्हणाले. तू चप्पल घातलीस. चहा ओट्यावर तसाच. मी तो मोरीत ओतला आणि कप इतका जोरात घासला की कानच तुटला.

मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. मला फक्त एक विचारायचंय, आणि ह्यावर तरी उत्तर दे. मी मॅडमना सांगितलं तर मला काय होईल ते मला माहीत नाही. पोलीस येतील का, काय. नाही सांगितलं तर नकाशा पंधरा एप्रिलला वर जाणार. गल्लीत माझं सोडून तेरा घरं आहेत, काका धरून. सगळे बांध परत बांधून राहणार, कारण चौकटी कोऱ्या आहेत. पुढच्या वर्षी मोठी भरती येणारच.

मला आत टाकलं तर तू ठकीला घेशील का?

तुझी

२ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. मी थांबणार होते. थांबता आलं नाही.

काल काकांनी हाक मारली. ठकी त्यांच्याकडेच होती. मला अंगणात नेलं. काकूंची डब्यांतली सगळी झाडं खाऱ्या पाण्याने करपलीत, नुसत्या काड्या. तो एकच झुबका तरारलाय, चटईएवढा पसरलाय. आणि त्याला फुलं आलीत. काका म्हणाले, "बघ. तुझ्या काकूची घोळ फुलली. रोज विचारायची, फुललं का, फुललं का. गुलाबी आलंय बघ."

घोळीला पिवळं फूल येतं. गुलाबी येतं लालदांडीला. काकांना हे माहीत नाही. मॅडमना माहीत आहे. गुरुवारी मॅडम काकांना भेटायला येणार होत्या.

हे वाचून तुला वाटेल की पकडली जाणार म्हणून बोलले. असेलही. मला माझं कळत नाही. पण काका तिथे उकिडवे बसले आणि एक फूल तोडून ठकीच्या केसात खोचायला लागले. ते काही टिकेना. फूल नखाएवढं. शिंप्याचा हात असून टिकेना. मग मी बोलले. उभ्यानेच. बांधाचं, घोळीचं, भाच्याच्या खोलीचं. काही गाळलं नाही.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ठकीच्या केसात बघत राहिले. मग म्हणाले, "मी तुला विचारलं होतं गं."

मी म्हटलं, हो.

"दारात उभं राहून विचारलं होतं."

मी म्हटलं, हो काका.

मग म्हणाले, "उद्यापासून पोरीला इकडे आणू नको." आणि आत गेले. जरा वेळाने मशीनचा आवाज यायला लागला. बराच वेळ येत होता. दिवा न लावता शिवत होते.

आज सकाळी ठकीला कडेवर घेऊन मॅडमच्या ऑफिसात गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मी तुझ्या जिभेवर विसंबले." वही उघडली, आमच्या गल्लीची पानं काढली आणि लाल पेनाने आडवी रेघ मारली, एकेका पानावर. मी म्हटलं, पोलिसांना बोलवा. त्या म्हणाल्या, "ते मी वर लिहीन, वरचे ठरवतील. आधी सोमवारी दोरी धरायला ये. रोजाचे पैसे मिळणार नाहीत."

त्यांच्या ऑफिसची भिंत पण ठकीने चाटली. त्यांनी बघितलं. विचारलं, घरी पण चाटते का? मी म्हटलं, हो. मागची भिंत. खाली, जिथे मिठाचं पांढरं फुलतं तिथे. मी चुना लावला होता त्यावर.

हे मी तुला पहिल्या पत्रात खोड म्हणून लिहिलं. तू वाचल्या वाचल्या ओळखलं असशील. तिला आईपेक्षा जास्त कळत होतं, आणि मी तिला मिरची चारली.

तुझी

११ एप्रिल

ताई,

मोजणी परत झाली. मी दोरी धरली. गल्ली बघायला उभी होती. नळावर मला आधी पाणी देणाऱ्या बायका मला काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही. बरोबरच म्हणाल्या. एकीने थुंकून दाखवलं, "हे चाव."

बांधावर बोटुकली परत आलीय. उपटून दोन महिने झाले नाहीत, तरी करंगळीएवढी, हिरवीगार. मी चावली, थुंकली, थांबले आणि मोठ्याने बोलले, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. मॅडमनी लिहिलं. रेघ आमच्या गल्लीच्या पुढे गेली, रस्त्यापलीकडे. चौदाही घरं समुद्राच्या बाजूला. रिकाम्या करायच्या घरांपुढे खुंट्या ठोकायचं काम माझ्याकडेच दिलं. आमच्या उंबऱ्यापाशी ठोकताना दगड लागला, दोनदा वाकडी झाली. तिसऱ्यांदा गेली.

पोलीस आले नाहीत. वरून कागद येईल म्हणाल्या. येईल तेव्हा जाईन. माझं नाव आता मोजणीच्या कामात कुठेच लागणार नाही, ते पण सांगितलं.

काका शनिवारी भाच्याकडे गेले. टेम्पोत मशीन, टेबल, खाट. मी दारात उभी राहिले, त्यांनी बघितलं नाही. ते गेल्यावर दिसलं, आमच्या कडीला पिशवी अडकवलेली. आत ठकीचा फ्रॉक. चिठ्ठी नाही, काही नाही. आत चार बोटं माया सोडलीय, पोर वाढेल तशी उसवायला. मी तो अजून तिला घातला नाही.

चाळीतली खोली मिळायला पावसाळा उजाडेल. तोवर इथे ठेवायचं धाडस मला नाही. म्हणून मी ठरवलंय. तू हो म्हटलं नाहीस. नाही पण म्हटलं नाहीस. सात पत्रांतलं एकही परत आलं नाही.

आज दाराच्या वरच्या चौकटीवर कोळशाने तुझा पत्ता लिहिला. खाली लिहिला असता तर भरतीने पुसला असता. वर आहे, जिथे हे डोकं वाकवून आत यायचे. येणार नाहीत, ते माहीत आहे. पण कागद येईल, पोस्टमन येईल. लिहिताना कळलं की तुझा पत्ता मला पाठ आहे. तू नको म्हणालीस तर येऊन पुसेन.

पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघतो. दुपारी तू काम करतेस त्या दवाखान्याच्या चादरी बाहेर वाळत घातलेल्या असतील, त्या बघत विचारत येऊ. मला आत घेतलं नाहीस तरी चालेल, मी पायरीवर बसेन. ठकीला घे.

एक सांगून ठेवते, म्हणजे दचकायची नाहीस. तुझ्या घरात आली की ती आधी भिंत चाटेल. कुठेही गेली की आधी तेच करते. ओरडू नकोस तिला. चाटू दे, आणि जरा थांबून तिलाच विचार, खारट आहे का. ती खरं सांगते.

तुझी धाकटी